औषधांच्या निधीचा जाब: माहिती अधिकार की तारांकित प्रश्न?

नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 2023 च्या ऑक्टोबरमध्ये 24 तासांत 24 मृत्यू नोंदले गेले. औषधांना निधी किती मिळाला, हा जाब अशी वेळ येण्याआधीच विचारायला हवा.

माहिती अधिकाराला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो; विषय एकच, 150 शब्दांत. ‘निधी का नाही?’ असं विचारलंत तर अर्ज उत्तराविनाच निकाली निघतो. लेखाशीर्ष 2210 (अर्थसंकल्पातलं वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य खर्चाचं खातं) खालची मूळ तरतूद, सुधारित अंदाज, वितरित निधी, प्रत्यक्ष खर्च असे आकडे वर्षनिहाय मागा. कपात अनेकदा तरतुदीत दिसतच नाही, वितरणात लपते. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

आमदारांमार्फत तारांकित प्रश्न (विधिमंडळात तोंडी उत्तरासाठी विचारलेला प्रश्न) गेला, तर उत्तर मंत्र्यांच्या नावावर येतं. अधिकाऱ्यावर ढकलता येत नाही. पण अधिवेशनापर्यंत थांबावं लागतं, आणि आकडे हाती नसतील तर ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढ्यावर बोळवण होते. म्हणून आधी अर्ज, मग आमदार.