रोममधली संध्याकाळ: त्रास्तेवेरे की मोंती?

त्रास्तेवेरे आणि मोंती या रोममधल्या दोन जुन्या वस्त्या. फेरफटका आणि खाणं एकाच संध्याकाळी उरकायचं असेल तर त्रास्तेवेरे. साडेसहाच्या सुमारास पोन्ते सिस्तो या पंधराव्या शतकातल्या पादचारी पुलावरून तिबेर नदी ओलांडा, पाचेक मिनिटांत सांता मारिया चर्चचा चौक येतो. कारंज्याच्या पायऱ्यांवर बसून समोरच्या दर्शनी भिंतीवरचं सोनेरी मोझाइक दिव्यांच्या उजेडात बघा. नऊनंतर मात्र गल्ल्या इतक्या तुंबतात की चालणं म्हणजे रेटारेटीच, आणि आवाज मध्यरात्र उलटली तरी ओसरत नाही. चौकालगतची, फोटोंचं मेन्यूकार्ड दाखवून बोलावणारी हॉटेलं टाळा. जेवणाची स्वयंपाकघरं बहुधा साडेसातला उघडतात. आधी गेलात तर फक्त पेय आणि चटरफटर मिळेल.

मोंती लहान आणि निवांत. मेट्रो बी लाइनचं काव्हूर स्टेशन अगदी जवळ. मादोन्ना देई मोंती चौकातल्या कारंज्याभोवती तरुण मंडळी पेला हातात घेऊन बसलेली असतात. इथून दहा-बारा मिनिटांत उजळलेलं कोलोसियम. रात्रीचा हा टप्पा त्रास्तेवेरेत नाही, म्हणून पहिल्याच मुक्कामाला मी मोंतीच सुचवेन.

परतीचं आधी बघून ठेवा: त्रास्तेवेरेत मेट्रो नाही, ८ नंबरची ट्राम पियाझ्झा व्हेनेझिया या चौकात सोडते, रुळांचं काम चालू असलं की तिच्याजागी बस. कागदी तिकीट चढल्याबरोबर यंत्रात घालून शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड. बस-ट्रामला ते शंभर मिनिटं चालतं. दोन्ही वस्त्यांत रस्त्यांवर काळे चौकोनी दगड, पावसात निसरडे. उंच टाचा खोलीवरच राहू द्या.