थेम्सवर अकरा महिने: रोइंग क्लबचा अनुभव, पैशांसकट आणि चिखलासकट

आधी हिशेब मांडते, कारण क्लबात शिरताना मला तो कुणी मांडून दिला नव्हता. मे २०२३ ते मार्च २०२४ या अकरा महिन्यांत मी ४१ वेळा पाण्यावर गेले. ३४ वेळा ठरलेलं जाणं रद्द झालं. बोटी धुणं, मुलांच्या सत्रांना मदत, शर्यतीच्या दिवशी काठावर उभं राहणं, तण उपटणं हे सगळं धरून बोटीबाहेरचं काम भरलं साधारण ७० तास. पाण्यावरचा एक फेरा सव्वा तासाचा, म्हणजे तिथले तास पन्नासएक. वल्हं हातात असण्यापेक्षा स्पंज, पाना नाहीतर चहाची किटली हातात असण्याचा वेळ जास्त. हे आधी माहीत असतं तरी मी गेले असते, पण निदान गमबूट पहिल्याच महिन्यात घेतले असते.

मी मूळची सांगलीची, सध्या मुक्काम इंग्लंडात, रेडिंगला. क्लबचं नाव लिहीत नाही, पुढे तक्रारीही आहेत आणि त्या माणसांशी मला परत शनिवारी गाठ घालायची आहे. थेम्सवर असे बरेच क्लब आहेत: सभासदांनी चालवलेले, पगारी माणूस असलाच तर एखादा, बाकी सगळं आपलं आपण. रेडिंगच्या क्राइस्टचर्च पुलावरून रोज जाताना खालून जाणाऱ्या लांबलचक बोटी दिसायच्या. एकदा माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या चार बायका बोट खांद्यावर घेऊन चालल्या होत्या. ते बघून क्लबात नाव घातलं. कृष्णेकाठी वाढले, श्रावणातल्या होड्यांच्या शर्यती आयर्विन पुलावरच्या गर्दीत उभं राहून बघितल्या, पण आपणही वल्हं धरावं असं तिथं कधी मनात आलं नाही. मुलींनी बघायचं, एवढंच.

सुरुवात सहा शनिवारांच्या शिकाऊ वर्गाने झाली. त्याआधी तरणतलावात ५० मीटर पोहून दाखवायचं आणि नंतर बोट उलटण्याचा सराव. एकेरी बोट मुद्दाम पालथी करतात, तुम्ही पाण्याखाली डोकं खाली पाय वर, आणि बोटीला पक्के केलेले बूट सोडून बाहेर यायचं. म्हणूनच त्या बुटांच्या टाचांना आखूड दोरी असते. टाच ठरावीक उंचीपुढे उचलली जात नाही आणि पाय आपोआप निसटतो. प्रत्येक फेऱ्याआधी ती दोरी तपासायची आणि बोटीच्या टोकाचा रबरी गोळा घट्ट आहे ना हेही बघायचं. दुसरा नियम असा की बोट उलटली तरी ती सोडून काठाकडे पोहायचं नाही. बोट तरंगते, तिला धरून राहायचं. थंड पाण्यात पहिल्या मिनिटात श्वास आपल्या ताब्यात नसतो, आणि चांगले पोहणारे तिथंच फसतात. आमच्या काकांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "अगं, आधी बुडायला शिकवतात व्हय तिथं?" मग कळलं की जायच्या दिशेकडे पाठ करून बसायचं असतं, तेव्हा तर त्यांनी फोन काकूकडेच दिला.

पाठ करून बसल्याने डाव्या-उजव्याचा घोळ होतो. 'स्ट्रोक साइड' म्हणजे बोटीची डावी बाजू, पण बसणाऱ्याचा उजवा हात. पहिले दोन महिने मी हाक ऐकली की आधी मनात सांगलीची दिशा लावायची, मग वल्हं ओढायची. तोवर बाकीचे दोन स्ट्रोक पुढे. दोन वल्ह्यांच्या प्रकारात, म्हणजे स्कलिंगमध्ये, दोन्ही मुठी एकमेकींवरून जातात आणि बोटांची सालटी निघतात. पातं पाण्यात वाकडं शिरलं की नदी ते धरून ठेवते आणि वल्ह्याची मूठ पोटात येते. याला इथं 'खेकडा धरणं' म्हणतात. मी धरलेल्या खेकड्यांचं कालवण गावजेवणाला पुरलं असतं. पण सातव्या-आठव्या फेऱ्यात कधीतरी चौघींची पाती एकदम उचलली गेली, बोट आडवी न डुलता सरळ सरकली आणि खालून बुडबुड्यांचा आवाज आला. तेवढा वेळ कुणीच बोललं नाही. बोटीत बसून दिशा सांभाळणारी, हाका देणारी कॉक्ससुद्धा गप्प. पाच-सहा स्ट्रोक असतील जेमतेम. पुढचे सगळे महिने मी त्यासाठीच जात राहिले, त्यामुळे पुढची मतं तेवढी सवलत देऊन वाचा.

पैसे: वर्गाचे १४०, नंतर महिन्याला ३४ पौंड, आणि रोइंगच्या राष्ट्रीय संघटनेचं वार्षिक सभासदत्व वेगळं. जिमच्या मानाने महाग नाही, पण जिममध्ये कुणी मशीन धुवायला लावत नाही. कपडे अंगाला चिकटणारे हवेत, सैल शर्टात वल्ह्याची मूठ अडकते. मी तो खर्च टाळला आणि एकदा स्वतःच्याच कुडत्यात अडकून बोट थांबवली.

कामाचं वेळापत्रक मात्र पहिल्याच महिन्यात आलं. माझ्या वाट्याला शनिवार सकाळ, मुलांचं सत्र. तरंगत्या धक्क्यावर गुडघे टेकून बसायचं, येणाऱ्या बोटीचं टोक धरायचं, पोरं उतरेपर्यंत ती हलू द्यायची नाही. मुलांबरोबर काम करायचं म्हणून पोलिसी नोंदी तपासल्या जातात. तो कागद यायला दहा आठवडे लागले, तोवर मी फक्त चहा करत होते. बोटशेडमध्ये सत्तरी ओलांडलेले एक आजोबा असतात (इथं सगळे त्यांना नावानेच हाक मारतात, मला अजून जमत नाही). त्यांनी एका पावसाळी सकाळी हातात दहाचा पाना दिला आणि वल्हं ज्यावर टेकतं तो रिगर काढायला-बसवायला शिकवलं. नट बोटांनी फिरव, शेवटचा अर्धा आटा पान्याने, जोर लावू नकोस, कवच पातळ आहे. आठ जणांची बोट सतरा-अठरा मीटर लांब आणि वजन जेमतेम शंभर किलो, यावरून तिचं कवच किती पातळ असेल बघा. आता शर्यतीला जाताना ट्रेलरवर बोटी चढवायच्या असल्या की मला बोलावणं येतं. ऑफिसातल्या कुठल्या बढतीचं इतकं वाटलं नव्हतं.

जून-जुलैत किनाऱ्यावरचा हिमालयन बाल्सम उपटायला गेलो. गुलाबी फुलांचं, माणसाहून उंच वाढणारं झुडूप. आपल्या तेरड्याचं सख्खं चुलत भावंड, दोघांचं वंशनाव एकच, इम्पेशन्स. शेंग पिकली की हात लागताच फुटते आणि बिया सात मीटरपर्यंत उडतात, एका झाडाला आठशेपर्यंत बिया. वर्षभराचंच झाड, हिवाळ्यात मरतं आणि मागे किनारा उघडा पडतो, मग पुरात माती जाते. म्हणून बी धरण्याआधी मुळासकट उपटायचं. मूळ उथळ, एका हाताने येतं. लहानपणी तेरड्याच्या शेंगा फोडण्यात अख्खी दुपार घालवलेली मी इथं तेच काम शिस्तीत, हातमोजे घालून करत होते. शेजारच्या बाईंना सांगितलं की याच्या भावंडाची आमच्याकडे गौर बसवतात. त्यांनी हातातल्या जुडीकडे बघितलं आणि ती जरा हळू खाली ठेवली. हे झाड १८३९ साली बागेची शोभा म्हणून इंग्लंडात आणलं गेलं, आणि हेन्लीची प्रसिद्ध रोइंग शर्यत सुरू झाली तेही १८३९ साली. एकाला उपटायला स्वयंसेवक लागतात, दुसरीला लोक टोप्या घालून जातात.

आता हिवाळा. थेम्सच्या प्रत्येक लॉकवर, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोटी पुढे सोडणाऱ्या दारांच्या कप्प्यावर, प्रवाहाची पाटी लागते. पिवळी म्हणजे पाणी वाढतंय किंवा ओसरतंय, लाल म्हणजे जोराचा प्रवाह. लाल पाटी लागली की आमच्या क्लबात कुणीही उतरत नाही. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला हेंक वादळ आलं आणि नदी काठावरच्या गवतात शिरली. आमचा धक्का तिरका होऊन वर आला, बोटशेडच्या दारात चिखल. ३४ पैकी बरेचसे रद्द फेरे याच काळातले. बाकीचे सभासद वैतागत होते, मला मात्र लॉकची पाटी दिवसातून चारदा मोबाइलवर बघायची सवयच लागली. सांगलीकराला हे शिकवावं लागत नाही. आयर्विनला ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे आमच्याकडे पाढ्यांसारखं पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागातून आमची मावशी होडीत बसून बाहेर पडली, देवघरातला बाळकृष्ण पदरात घेऊन. तिला आमच्या पाटीचा फोटो पाठवला. तिचा उलट प्रश्न: "फूट किती ते सांग, रंग नको."

पाणी बंद म्हणजे एर्ग, व्यायामाचं रोइंग यंत्र. थंड शेडमध्ये ओळीने बसून दोन हजार मीटर ओढायचे आणि समोरचा आकडा बघायचा. मला ते मनापासून नावडलं, एवढंच लिहिते.

पाण्याच्या स्वच्छतेबद्दल बरेच जण विचारतात. मार्च २०२४ अखेरच्या ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीआधी लंडनच्या थेम्समध्ये ई-कोलाय जंतू आढळल्याच्या बातम्या आल्या. जखमा झाका, पाणी तोंडात जाऊ देऊ नका, अशा सूचना निघाल्या, आणि जिंकल्यावर कॉक्सला नदीत फेकायची प्रथा त्या वर्षी पाळू नका असंही सांगितलं गेलं. आमचा पट्टा त्याच्या बराच वर आहे, पण सालटी निघालेल्या हातांना मी आता चिकटपट्टी लावल्याशिवाय उतरत नाही. परत आल्यावर साबणाने हात, मगच सँडविच.

तक्रारी. चांगल्या वेळा आणि नव्या बोटी शर्यतीवाल्यांना. आम्हा चाळिशी-पन्नाशीच्या नवशिक्यांना रविवारी दुपारची वेळ आणि सरकती बैठक कुरकुरणारी बोट. विचारलं तर 'तुम्ही मजेसाठी येता ना' असं उत्तर मिळालं. फी मात्र मजेची वेगळी नाही. चौघांच्या बोटीत एक जण आला नाही की तिघांचा फेरा वाया, आणि न येणाऱ्याचा निरोप ऐन वेळी येतो. बदलीच्या खोलीत हिवाळ्यात श्वासाची वाफ दिसते. ग्रुपवरचे निरोप इतके की मी ते कायमचे मुके केले आहेत, त्यामुळे एकदा रद्द झालेल्या सत्राला एकटीच जाऊन उभी राहिले. आणि शर्यतीच्या दिवशी खाण्याच्या टेबलासाठी मला कुणी विचारलंच नाही, परस्पर 'समोसे' असं नावापुढे लिहून टाकलं. मी समोसे करत नाही. हट्टाने भडंग नेलं. नदीकाठच्या हवेत ते अर्ध्या तासात सादळलं आणि पिशवीभर परत आलं. चूक माझीच, पण समोसे तरी का लिहिले?

कुणी जावं? ज्यांना ठरावीक वेळी ठरावीक व्यायाम हवा आहे त्यांनी जिमच गाठावी. पाठीचं दुखणं असेल तर बोट उचलण्याबद्दल आधीच स्पष्ट बोला. आमच्याकडे न उचलणाऱ्यांना कॉक्सचं काम देतात, आणि ते काम हलकं मुळीच नाही. पोहता येत नसेल तर आधी ते शिका. आणि या गावात नवीन आलेलं कुणी असेल, ऑफिस आणि मराठी मंडळ सोडून माणसं माहीत नसतील, तर इतक्या लवकर इतकी ओळख मला दुसरीकडे झालेली नाही. घराची किल्ली हरवली त्या संध्याकाळी मी क्लबातल्याच एकीकडे जेवले.

नूतनीकरणाचा अर्ज कालच भरला. 'पुढच्या वर्षी कोणतं काम कराल' या रकान्यात 'ट्रेलर आणि रिगर' लिहिलं आहे. खाण्याच्या टेबलापुढची चौकट रिकामी ठेवली.