बिल माझं, क्यूआर त्याचा

ठाण्याच्या नौपाड्यात आमचा सहलींचा छोटा घरगुती धंदा आहे. अष्टविनायक, गणपतीपुळे, एवढंच. फॉर्म भरला की बिलाची पीडीएफ आपोआप तयार होऊन गिऱ्हाईकाला मेलने जावी, म्हणून वेबसाइटवाल्या पोराला 18,500 रुपये मोजले. ओळखीतून आलेला, 'काका काका' करणारा.

चाचणी मीच घेतली. मिनिटात बिल आलं, क्यूआर स्कॅन केला, माझंच नाव. अजून काय तपासायचं होतं? मेल माझ्या पत्त्यावरून जावा म्हणून त्याने जीमेलचा 16 अक्षरी अ‍ॅप पासवर्ड, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला आपल्या खात्यातून मेल पाठवू देणारा वेगळा पासवर्ड, मागितला. दिला, व्हॉट्सअ‍ॅपवर. होस्टिंगही, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवलेली असते ती जागा, त्याच्याच नावावर. हसा.

वीस दिवसांनी कोपरीच्या एका ताईंचा फोन. "भाऊ, पैसे भरताना नाव वेगळंच दिसतंय." आणि मी काय म्हणावं? "बँकेकडून येतं तसं कधीकधी, भरा बिनधास्त." माझ्या तोंडाने! त्यांनी 12,000 भरले. आणखी दोन घरांचे 9,750 आणि 7,500. एकूण 29,250, सगळे दुसऱ्याच खात्यात. पोराने पीडीएफच्या साच्यातला क्यूआर तेवढा बदलला होता. प्रत्येक बिल माझ्याच 'सेंट'मध्ये पडून होतं. एक उघडून क्यूआर स्कॅन केला असता तरी कळलं असतं. पण स्वतःच पाठवलेली बिलं कोण रोज उघडून बघतं?

पोलीस ठाण्यात म्हणे, "पैसे तुमच्या खात्यातून गेलेच नाहीत, मग तक्रार तुमची कशी? गिऱ्हाइकांना पाठवा." गिऱ्हाईक तिथे गेलं तर, "बिल यांच्या मेलवरून आलंय, यांनाच धरा." दुसऱ्या खेपेला, "हा तुमचा आपसातला व्यवहार." तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. चौथ्या खेपेला अर्जावर शिक्का मिळाला, गुन्हा नोंदला नाही. फसवणुकीचं कलम 420 चं आता 318 झालंय, एवढं ज्ञान मात्र फुकट मिळालं. बँक म्हणाली, समोरचं खातं आमच्याकडचं नाही.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ज्याचे पैसे गेले त्यानेच, लगेच, व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून फोन करावा. आम्ही चार दिवस एकमेकांकडे बघत बसलो. डोमेन (वेबसाइटचा पत्ता), होस्टिंग स्वतःच्या नावावर घ्या. काम संपलं की अ‍ॅप पासवर्ड रद्द करा. आणि दर आठवड्याला खोट्या नावाने आपलाच फॉर्म भरून क्यूआर स्कॅन करा, लाज वाटली तरी.

गणपतीपुळ्याची गाडी ठरल्या दिवशी सोडली. तिन्ही घरं नेली, पदरमोड करून. पनवेलच्या पुढे कोपरीच्या ताईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "भाऊ, आता नाव बरोबर येतं ना?"