लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी: औषध एक नंबर, पण घड्याळ सांभाळलं तरच

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापला तो ही गोळी हातात देताना कोणी धड काही सांगत नाही म्हणून, ते पुढे येईलच.

घरात कोणाला पार्किन्सन्स असेल तर ही गोळी माहीत असणारच. सिंडोपा, टिडोमेट अशा नावांनी मिळते, पुण्यात कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या मेडिकलमध्ये असते, आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्यामुळे किमतीवर सरकारचा लगाम आहे, जन्मभर लागणाऱ्या औषधाच्या मानाने खिशाला झेपते. आमच्याकडे सासऱ्यांना चालू आहे, मी त्यांना बाबाच म्हणते, आणि औषधांचं सगळं खातं माझ्याकडे.

काम करते का, तर करते, अगदी डोळ्यांना दिसेल असं करते. सकाळी उठल्यावर बाबा बाथरूमच्या उंबऱ्याशी अडकतात, पाऊल टाकायचंय हे डोक्यात आहे पण पाय उचलतच नाही, चेहरा कोरा, आवाज तोंडातल्या तोंडात. गोळी घेतली की पाऊणएक तासाने हेच बाबा शर्टाची बटणं एकेक करून स्वतः लावतात, बाहीचं छोटं बटणसुद्धा, आणि आतल्या खोलीतून खणखणीत आवाजात विचारतात, "अगं, पेपर आला का?" तो आवाज आला की समजायचं, गोळी लागू पडली. ताठरपणा आणि हालचालीतला मंदपणा यावर मस्त परिणाम आहे, कंपावर त्यामानाने कमी, आणि तोल जातो त्यावर फारसा नाही, तेव्हा तेवढी अपेक्षा ठेवू नका.

आता आत काय होतं ते, कारण हे कळलं की पुढचे सगळे नियम आपोआप कळतात. या आजारात मेंदूतलं डोपामिन, म्हणजे हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन, कमी पडत जातं. मग डोपामिनच का देत नाहीत, तर रक्त आणि मेंदूच्या मध्ये जो पडदा असतो तो त्याला आत सोडत नाही. लेव्होडोपाला सोडतो, आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. पण नुसतं लेव्होडोपा घेतलं तर बरंचसं मेंदूपर्यंत पोचायच्या आधीच शरीरात डोपामिन होऊन जातं, मेंदूला मिळत नाही ते नाहीच, वर मळमळ आणि उलट्या. कार्बिडोपा हे बाहेरचं रूपांतर अडवतं आणि स्वतः मेंदूत शिरत नाही, म्हणून आतलं काम बिनबोभाट चालू राहतं. या जोडीमुळे लेव्होडोपाचा डोस जवळजवळ तीन चतुर्थांशाने कमी करता आला. पाकिटावर १००/२५ लिहिलेलं असतं ना, त्यातला मोठा आकडा लेव्होडोपाचा, छोटा कार्बिडोपाचा.

या औषधाच्या शोधाच्या मुळाशी आपली सर्पगंधा आहे हे वाचून मला खूप भारी वाटलं होतं. सर्पगंधेतून काढलेलं, मेंदूतलं डोपामिन संपवणारं रिसर्पिन देऊन स्वीडिश शास्त्रज्ञ आर्विड कार्लसन यांनी सशांना पार निपचित केलं आणि मग लेव्होडोपाचं इंजेक्शन देऊन परत हिंडतं केलं, ही १९५० च्या दशकाच्या शेवटची गोष्ट, त्यांना २००० साली नोबेल मिळालं. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतले डॉक्टर जॉर्ज कोट्झियस यांनी थोड्या डोसपासून हळूहळू वाढवत तोंडाने भरपूर लेव्होडोपा दिलं आणि अडकून पडलेली माणसं हिंडाफिरायला लागली. तेव्हापासून आजपर्यंत या आजारावर याच्याइतकं परिणामकारक औषध दुसरं नाही. अर्थात हे लक्षणांवर आहे, आजार मुळापासून जात नाही.

आता घड्याळ. कार्बिडोपा सोबत असूनही लेव्होडोपाचं रक्तातलं प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येतं, म्हणून डोसाची वेळ म्हणजे वेळ, "जेवून घेतो मग गोळी" चालत नाही. शिवाय ते शोषलं जातं लहान आतड्यात, म्हणजे पोट सावकाश रिकामं होत असेल तर गोळी तिथेच बसून राहते आणि माणूस इकडे ताठ. त्यात प्रोटीनचा घोळ. प्रोटीन पचून जी अमिनो आम्लं होतात ती आणि लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत एकाच दाराने जातात, स्वारगेटला बसच्या एका दारातून सगळे एकदम घुसायला बघतात तसं, आणि त्या रेटारेटीत गोळी मागे राहते. म्हणून आमच्याकडे गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, पाण्यासोबत. मळमळलं तर एखादं मारी बिस्किट. मटकीची उसळ, पनीर, दही हे रात्रीच्या जेवणात जास्त, दुपारी बेताने, पण बंद अजिबात नाही, वजन उतरेल. आयर्नची गोळी चालू असेल तर तीही लांब ठेवा, लोह लेव्होडोपाला धरून बसतं. हे सगळं आपल्या न्यूरॉलॉजिस्टना विचारून हां, आणि मनाने बंद तर कधीच करू नका, एकदम थांबवणं धोक्याचं आहे.

तो कापलेला अर्धा स्टार इथला. एका मेडिकलवाल्याने साध्या गोळीऐवजी सीआर दिली आणि वर म्हणाला, "एकच आहे हो ताई." एकच नाही! सीआर हळूहळू सुटते, ती चुरडायची किंवा चावायची नाही, आणि तितकेच मिलिग्रॅम असले तरी रक्तात साध्यापेक्षा कमी पोचतं. स्ट्रिपवरची अक्षरं इतकी बारीक की सत्तरीच्या माणसाने वाचायची कशी? मी काउंटरवरच उभी राहून प्रिस्क्रिप्शनशी ताडून बघते, मागे रांग असली तरी.

त्रास म्हणाल तर लघवी आणि घाम गडद होतो, बाबांच्या बनियनला काखेत काळपट डाग पडतात, ते निरुपद्रवी आहे, घाबरू नका. उठताना बीपी उतरतं, म्हणून पलंगाच्या कडेला मिनिटभर बसवून मगच उभं करायचं. भास व्हायला लागले, नसलेली माणसं दिसायला लागली, तर लगेच डॉक्टरांना फोन. आणि काही वर्षांनी गोळीचा असर पुढच्या डोसाआधीच ओसरायला लागतो, आणि असर भरात असताना अंग आपोआप वळवळतं. थोरात उद्यानात बाकावरचे लोक समजतात आजार बळावला, तर ती हालचाल औषधाची असते, तेव्हा डोस वाढवा म्हणून मागे लागू नका. पोटाला वळसा घालण्यासाठीच आता थेट आतड्यात नळीने सोडायचं जेल आहे, तोंडाने श्वासावाटे ओढायचं लेव्होडोपा अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं, आणि कातडीखाली चोवीस तास सोडणाऱ्या पंपाला तिथे २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. गोळीच्या किमतीत यातलं काहीच नाही.

कोणी खाजकुयलीचं चूर्ण सुचवेल, आमच्याकडे दोन नातेवाइकांनी सुचवलं. तिच्या बियांत खरोखरचं लेव्होडोपा असतं, म्हणूनच गोळीसोबत परस्पर सुरू केलं तर डोस किती झाला ते कोणालाच कळणार नाही.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्या कशासाठी ॲडमिट करायची वेळ आली तर घरच्या गोळ्या आणि वेळांचा कागद सोबत न्या, डॉक्टरांकडून केसपेपरवर त्याच वेळा लिहून घ्या, कारण वॉर्डातल्या गोळ्या वॉर्डाच्या वेळेने येतात. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन देणार असतील तर पार्किन्सन्स आहे हे आधी सांगा, ते डोपामिनचंच काम अडवतं. आम्ही हे कागदावर लाल पेनाने लिहून बाबांच्या फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवलंय.