पश्चिमेचं कुंपण, पाच वेली आणि अकोल्याचे दोन उन्हाळे

जुलै २०२३ मध्ये लावलेल्या वेलींचा दुसरा उन्हाळा नुकताच उलटला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. लावल्यावर तीन महिन्यांनी लिहिलं असतं तर पाचही वेलींना पैकीच्या पैकी मार्क देऊन बसले असते. पावसाळ्यात काय, आमच्याकडे काठी रोवली तरी तिला पालवी फुटते.

जागा अशी: घराच्या पश्चिमेला ३२ फूट लांब आणि ५ फूट उंच तारेची जाळी, पलीकडे रस्ता. दुपारी एकपासून दिवस मावळेपर्यंत थेट ऊन. मे महिन्यात पारा ४४-४५ वर. खाली भारी काळी माती, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा. पाणी तुंबून मुळं कुजू नयेत म्हणून दीड-दीड फुटाचे खड्डे घेऊन त्यात मुरूम, शेणखत आणि थोडीच काळी माती भरली.

जुई लावली ती निव्वळ माहेरच्या आठवणीने. तिथली जुई विहिरीजवळ, आंब्याच्या सावलीत होती, हे मात्र सोयीस्कर विसरले. एप्रिलमध्ये पानं करपली, मेमध्ये काटक्या उरल्या. तिचा काही दोष नाही. दुसरी आणून पूर्वेच्या ओट्यावर कुंडीत लावली, ती मजेत आहे.

कृष्णकमळाने दिवाळीपर्यंत सहा फूट जाळी झाकली आणि फुलं अशी की रस्त्याने जाणारे थांबून बघत. मग काटेरी केसांचे सुरवंट आले आणि आठवड्यात पानांची चाळण झाली. त्यांची पुढे नारिंगी फुलपाखरं होतात म्हणून मी फवारणी केली नाही. वेल पुन्हा फुटली, पण मार्चनंतर तापलेल्या तारेला टेकलेले कोवळे शेंडे काळे पडू लागले. जाळीवर सुतळीचे उभे पदर बांधले तेव्हा कुठे जरा निभावलं. तरी पश्चिमेला मी ती पुन्हा लावणार नाही.

गोकर्णाचं फार कौतुक करायचं कारण नाही आणि तक्रारही नाही. बी रात्रभर भिजवून टोचलं, दोन महिन्यांत निळी फुलं. उन्हाळ्यात तो वाळतो, पडलेल्या बियांतून पावसाळ्यात आपोआप उगवतो. मोठ्या वेली वाढेपर्यंत मधली भोकं बुजवायला याच्याइतका स्वस्त गडी नाही.

आता बोगनवेल. पहिल्या वर्षी मी तिला लाडाने रोज पाणी घातलं आणि तिने नुसता पाला दिला. दुसऱ्या हिवाळ्यात हात आखडता घेतला, चार-पाच दिवसांआड एकच बादली. फेब्रुवारीत अख्खी वेल राणी रंगाने पेटली. (रंगीत दिसतात ती पानंच, खरं फूल आतलं पिटुकलं पांढरं.) नर्सरीतून आणताना ती ‘पांढरी’ होती, हा भाग वेगळा. ऊन ती अक्षरशः पिते. पण स्वतःहून जाळी धरत नाही, प्रत्येक फांदी बांधावी लागते, आणि दुर्लक्ष केलं की काटेरी फोक थेट रस्त्यावर. समोरच्या काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “काहून लावता वो ताई काटेरी वेल? पोट्ट्यायले रुततीन ना!” त्यांचं खरं ठरलं. दर दीड महिन्याने जाड हातमोजे घालून छाटणी करावीच लागते. रस्त्याला लागून कुंपण असेल आणि छाटायला माणूस नसेल तर नादी लागू नका.

सगळ्यांत टिकली ती मधुमालती. संध्याकाळी उमललेलं पांढरं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. एकाच घोसात तिन्ही रंग लोंबतात आणि रात्री वास खिडकीतून घरात येतो. पहिल्या उन्हाळ्यात पानं पिवळी पडून गळली, मला वाटलं गेली. जूनच्या पहिल्या सरीला बुडापासून फुटली. यंदा भर मेमध्येही एक दिवसाआड दोन बादल्यांवर हिरवी होती आणि मागच्या खोलीत दुपारच्या झळा जाणवण्याइतक्या कमी झाल्या.

तिचेही दुर्गुण आहेत. चार-पाच फुटांवर, अगदी फरशीच्या सांध्यातून फुटवे काढते. जुन्या पानांचे देठ कडक होऊन काट्यासारखे टोचतात. आणि वजन! दहा-दहा फुटांवरचे लोखंडी अँगल दुसऱ्या पावसाळ्यात रस्त्याकडे कलले, मध्ये दोन नवे ठोकावे लागले. नव्याने कुंपण करणाऱ्यांनी आधीच सहा-सहा फुटांवर अँगल घ्यावेत.

एक चूक मात्र पूर्णपणे माझी. नळ रोज येत नाही म्हणून कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी महिनाभर वेलींना घातलं. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच साठतात, हे पानांच्या कडा जळाल्यावर लक्षात आलं. आता ते पाणी अंगणात सड्याला.

जुईचा खड्डा रिकामाच आहे. या पावसाळ्यात तिथे मधुमालतीचाच एक फुटवा मुळासकट काढून लावते आहे. दुसरा काकूंनी मागून ठेवलाय.