चौकटीचा वाफा की जमिनीतला? भाजी लावण्याआधी ठरवायची गोष्ट

आधी जागेवर फूटभर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा खणा. पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा आणि आता पट्टी उभी धरून तासाभरात पाणी किती उतरतं ते बघा. अडीच सेंटिमीटरही उतरलं नाही तर निचरा वाईट आहे. अशा जमिनीत मुळं गुदमरतात, तिथे वाफा उंच करण्यावाचून इलाज नाही. दहा सेंटिमीटरच्या पुढे भराभर उतरलं तर जमीन पाणी धरत नाही. तिच्यावर उंच वाफा केलात की कडक उन्हाच्या दिवसांत रोज झारी घेऊन उभे राहाल. अशा जमिनीत खत कालवून सपाट वाफाच बरा. बहुतेकांची जमीन या दोन्हींच्या मधली निघते आणि खरी घालमेल तिथेच असते.

चौकटीच्या वाफ्याचं, म्हणजे फळ्यांच्या चौकटीत माती भरून केलेल्या उंच वाफ्याचं, कौतुक बरंच होतं, त्यातलं काही रास्त आहे. माती आपल्या पसंतीची भरता येते, हंगामाच्या सुरुवातीला ती लवकर तापते, पावसाचं पाणी साचत नाही, गुडघे-कंबर धरणाऱ्यांना वाकावं कमी लागतं. पण सगळ्यात मोठा फायदा म्हणजे वाफ्यातली माती कुणी तुडवत नाही, त्यामुळे ती भुसभुशीत राहते. आणि गंमत अशी की या फायद्याला फळ्या लागतच नाहीत. चालायच्या वाटा कायमच्या आखल्या आणि वाफा १.२ मीटरपेक्षा रुंद केला नाही, की दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो. भिंतीला लागून असेल तर ६० सेंटिमीटरच ठेवा.

आता खर्चाची बाजू. १.२ मीटर रुंद, २.४ मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर उंच अशी चौकट भरायला साडेआठशे लिटरच्या वर माती लागते, म्हणजे २० लिटरच्या ४३ बादल्या. लाकडाचा हिशेब सगळे करतात, मातीचा करायचा राहतो. मग घाईत नुसतं कंपोस्ट ओतलं जातं. ते कुजत कुजत खाली बसतं आणि वर्षभरात वाफा अर्धवट रिकामा दिसू लागतो. दोन भाग चांगली माती आणि एक भाग मुरलेलं कंपोस्ट हे प्रमाण टिकतं, तरी दरवर्षी तीन-चार सेंटिमीटरचा थर वरून द्यावा लागतोच. तळाशी निचऱ्यासाठी खडी घालू नका. बारीक मातीतलं पाणी खडीच्या तोंडाशी येऊन अडतं आणि मुळांना कोरडी जागा उलट कमीच मिळते. गवतावर वाफा करायचा असेल तर तळाला साधा पुठ्ठा भिजवून पसरा. गवत दबतं आणि पुठ्ठा कुजून जातो.

चौकटीला जुने रेल्वे स्लीपर नकोत, त्यांत क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवायला वापरलेलं विषारी डांबरी तेल, मुरलेलं असतं. जुनं हिरवट छटेचं प्रक्रिया केलेलं लाकूडही नको, त्यात आर्सेनिक असू शकतं. सेंद्रिय भाजी पिकवायची आणि तिला अशा लाकडाचं कुंपण घालायचं, याला काय अर्थ आहे? साधं टिकाऊ लाकूड किंवा विटा घ्या.

जमिनीतल्या वाफ्याचं काम पहिल्या वर्षी जास्त आणि पुढे कमी. सुरुवातीला खणणं आणि तण काढणं जीव काढतं. मात्र ओल खोलवर टिकते, गांडुळं आधीपासून असतात आणि टोमॅटोसारख्या पिकाची मुळं हवी तेवढी खाली जातात. जुन्या रंगाचे पोपडे पडलेल्या भिंतीजवळची किंवा गाड्या दुरुस्त केलेली जागा असेल तर मात्र मातीत शिसं असण्याची शक्यता धरा. तिथे तपासणी करा किंवा बाहेरची माती भरून चौकटच करा.

मधल्या प्रतीच्या जमिनीला माझं मत विनाचौकटीच्या गादीवाफ्याला. वाटांवरची वरची माती उचलून वाफ्यावर घ्यायची, त्यात कंपोस्ट मिसळायचं, १५ ते २० सेंटिमीटर उंची करायची आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन. पालक, मुळा, घेवडा यांना एवढं पुरे होतं. जोराच्या पावसात कडा ढासळतात, त्या दर हंगामाला फावड्याने ओढून घ्याव्या लागतात. हे काम नको वाटत असेल तर फळ्या लावा, त्यात कमीपणा नाही.

गच्चीचा प्रश्न निराळा. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या आसपास भरते, म्हणजे ३० सेंटिमीटरचा थर दर चौरस मीटरला साडेचारशे किलो. इंजिनिअरला विचारल्याशिवाय हे वजन स्लॅबवर चढवू नका. तोवर कुंड्या आणि ग्रो बॅग, त्याही हलक्या मिश्रणाच्या.

वाफा कुठलाही करा, विकतचं खत मात्र आधी तपासा. काही तणनाशकं चाऱ्यातून जनावराच्या पोटात जातात आणि तिथून न मोडता शेणात उतरतात. दोन कुंड्या घ्या, एकीत ते खत मिसळलेली माती, दुसरीत नुसती माती. दोन्हींत घेवडा पेरा आणि तीन आठवडे थांबा. खताच्या कुंडीतलीच नवी पानं आखडून वाटीसारखी वळली तर ते पोतं बाजूला ठेवा. मातीत कालवल्यावर ते वेगळं काढता येत नाही.