काचेचा बायोरिॲक्टर की एकदा वापरून टाकायचा?

दोन-तीन लिटरचा बायोरिॲक्टर, म्हणजे पेशी वाढवायचं भांडं, घ्यायचा म्हटलं की कोटेशनं दोन तऱ्हेची येतात. एक, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालायचं काचेचं भांडं. दुसरं, गॅमा किरणांनी निर्जंतुक होऊन पाकिटात येणारं, एकदा वापरून टाकायचं प्लॅस्टिकचं. बडोद्यात आमच्या छोट्या लॅबने दोन्ही चालवून पाहिले. पुढचं सगळं सीएचओसारख्या (चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या) प्राणिपेशींपुरतं आहे. ई. कोलाय हा जिवाणू वाढवायचा असेल तर त्याची ऑक्सिजनची भूकच निराळी; सरळ काच घ्या आणि मोकळे व्हा.

प्लॅस्टिकचं सुख खोटं नाही. पाकीट फोडा, मीडिया (पेशींचं पोषक द्रावण) भरा, सीड (सुरुवातीच्या पेशी) सोडा. काचेला आदला अख्खा दिवस जातो: पीएच प्रोबचं कॅलिब्रेशन, ओ-रिंगा तपासणं, नळ्यांना क्लॅम्प, फिल्टरवर फॉइल, मग 121 अंश. डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) मोजणारा प्रोब जुन्या धाटणीचा असेल तर त्याला वीज देऊन तयार (पोलराइज) व्हायला वर सहा तास द्या. ऑप्टिकल प्रोब घेतला तर ही रखडपट्टी वाचते, तिथे पैशाकडे बघू नये. आणि काचेचं भांडं मागवण्याआधी आपला ऑटोक्लेव्ह आतून मोजा. प्रोब आणि कंडेन्सर चढले की भांड्याची उंची बरीच वाढते.

अर्थात, प्लॅस्टिक घेतलं म्हणून ऑटोक्लेव्ह सुटत नाही. पेशी असलेलं भांडं टाकण्याआधी निर्जंतुक करावंच लागतं.

माझं मत काचेकडे फिरलं ते एक्झॉस्ट फिल्टरपायी, म्हणजे बाहेर जाणाऱ्या वायूवरच्या फिल्टरपायी. 37 अंशांच्या मीडियातून बाहेर पडणारा वायू वाफेने भरलेला असतो. कंडेन्सरने ती वाफ थंड करून परत भांड्यात पाडायची. पण मे महिन्यात बडोद्यातल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला कसं येतं ते सांगायला नको; त्यावर कंडेन्सर काय थंड होणार! वाफ तशीच वर जाऊन 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरात बसते. पडदा पाणी न धरणाऱ्या पीटीएफईचा असतो खरा, पण फेस तिथवर पोचला की त्यातली प्रथिनं आणि प्लुरॉनिक (पेशींना जपायला मीडियात असतो तो साबणासारखा पदार्थ) त्याला भिजवतातच. मग सर्दीत नाक चोंदावं तसं होतं. भांड्यात दाब चढतो, वायूचा प्रवाह मंदावतो, डीओ घसरतो आणि कंट्रोलर उगाच ऑक्सिजन वाढवत बसतो. सगळं ऐन फेड-बॅचच्या (मधूनमधून खाद्य घालत चालवायच्या रनच्या) मध्यावर, आणि बहुधा रात्री.

काचेच्या भांड्याच्या हेडप्लेटवर (झाकणावर) मी वाय-कनेक्टर लावून दोन फिल्टर ठेवतो. एक चोंदला की त्याचा क्लॅम्प बंद, दुसऱ्याचा उघडा. पेशींना पत्ताही लागत नाही. आम्ही वापरलेल्या प्लॅस्टिकच्या भांड्याला फिल्टर एकच होता, तोही नळीसकट जोडून आलेला. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं, ‘फेस कमी होऊ द्या’. अँटिफोम आम्हीही घालतो हो, पण किती घालायचं? जास्त झालं की ऑक्सिजनच नीट विरघळत नाही.

सगळीकडे असंच असेल असं नाही. काही भांडी दोन फिल्टरांची किंवा फिल्टरला हीटर असलेली मिळतात. घेण्याआधी एवढं विचारून घ्या. दर महिन्याला निराळ्या ग्राहकाची निराळी सेल लाइन (पेशींचा वाण) चालवणाऱ्यांना प्लॅस्टिकच बरं पडेल, कारण आधीच्या पेशींचे अवशेष राहिले नाहीत हे सिद्ध करण्याचा व्याप वाचतो. फक्त पुढची भांडी वेळेवर येतील का, याचा अंदाज घ्या.

पेशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती डोलवत ठेवायची, असा तिसरा मार्गही आहे. विजय सिंग यांनी 1999 मध्ये मांडलेली ही पद्धत सीड वाढवायला झकास. मुख्य रनसाठी मात्र मी तिच्या वाटेला जाणार नाही.

काच घेतलीत तर कंडेन्सरचं पाणी थंड करणारा छोटा चिलर त्याच ऑर्डरमध्ये घाला. आणि दुसरा फिल्टर ऑटोक्लेव्हच्या आधीच जोडून, क्लॅम्प लावून ठेवा. रन चालू असताना जोडायला गेलात तर निर्जंतुकपणाची हमी मी देणार नाही.